रग्बी लीगमधील बचाव : दोष कोणाचा, उपाय कोणता ?

सामना हरला म्हणजे प्रेक्षकांस एका गोष्टीची मोठी घाई होते, ती म्हणजे अपराधी शोधून काढण्याची. ज्याच्या हातून प्रतिपक्षाचा गडी शेवटीं निसटला, त्याच्यावर सर्वांचीं बोटें रोखलीं जातात. आणि घरीं परततांना वाटेंतच त्याचा न्यायनिवाडा होऊन जातो. आपल्या शाळेच्या मैदानावर हें आपण अनेकदां पाहिलें आहे. परंतु ऑस्ट्रेलियांतील सिडने शहरांत, व इंग्लंडच्या उत्तरेकडील लीड्स, विगन, सेंट हेलेन्स या गांवीं, रग्बी लीग नांवाचा जो खेळ चालतो, त्याच्या चाहत्यांमध्यें तर हा वाद आठवडाभर शमत नाहीं. 'आपल्या संघाचा बचाव सुधारावा कसा ?' हा त्यांचा नित्याचा प्रश्न. कोणी म्हणतो, धिप्पाड गडी आणा. कोणी म्हणतो, प्रशिक्षक बदला. कोणी म्हणतो, मुलांत जिद्दच उरलेली नाहीं. यांपैकीं खरें काय, याचा प्रस्तुत लेखांत थोडा विचार करावयाचा आहे. हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नसल्यामुळें प्रथम त्याची ओळख करून देणें अवश्य आहे.

रग्बी लीगचा जन्म एका भांडणांतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडांत रग्बी खेळणारे पुष्कळ गडी खाणींत व गिरण्यांत राबणारे मजूर होते. सामन्यासाठीं काम बुडालें म्हणजे त्यांची मजुरी बुडे. आणि ती भरून देण्यास खेळाचे चालक तयार नव्हते. तेव्हां २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील संघांच्या प्रतिनिधींनीं सभा भरवून आपली स्वतंत्र संस्था स्थापिली. १९०६ सालीं या संस्थेनें प्रत्येक बाजूचे गडी पंधरांवरून तेरा केले. व पकडल्या गेलेल्या गड्यानें उठून चेंडू पायानें मागें सारावा आणि खेळ पुन्हां चालू करावा, असा नियम घालून दिला. १९०८ पासून सिडनेंतहि या खेळाची स्पर्धा सुरू झाली.

खेळाची रीत अशी. चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे नेऊन टेकविला म्हणजे 'ट्राय' होते व तिचे चार गुण मिळतात. चेंडू हातानें पुढें फेकतां येत नाहीं; सोबत्यास द्यावयाचा तो मागें किंवा बाजूसच द्यावा लागतो. चेंडू घेऊन येणाऱ्यास बचाव करणारे गडी कवटाळून खालीं पाडतात, किंवा उभ्यानेंच जखडून टाकतात. यास आपण पकड म्हणूं. पूर्वी एका बाजूनें किती पकडी होईपर्यंत चेंडू आपल्याकडे ठेवावा यास मर्यादा नव्हती. १९६६ सालीं इंग्लंडांत चार पकडींची मर्यादा घालण्यांत आली. १९७१ सालीं ऑस्ट्रेलियांत, व पुढें इंग्लंडांतहि, ती सहा झाली. सहावी पकड झाली कीं चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं करावा लागतो.

आतां बचावाचें गणित पाहूं. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्या बाजूच्या दोन गड्यांस पकडलेल्या गड्यासमोर उभें राहतां येतें. त्यांस मार्कर म्हणतात. बाकीच्यांनीं दहा मीटर मागें हटावयाचें व चेंडू हलतांच पुन्हां पुढें यावयाचें. शिवाय लांब मारलेला चेंडू अडविण्यासाठीं एकदोन गडी पाठीमागें ठेवावे लागतात. मैदानाची रुंदी ६८ मीटर. म्हणजे एवढी रुंद जागा राखण्यास रांगेंत उरले सुमारे नऊ-दहा गडी. यावरून कोणाच्याहि लक्षांत येईल कीं, ही रांग जोंपर्यंत एका सरळ ओळींत हलते तोंपर्यंतच ती रांग आहे. हुतूतूंत हातांत हात घालून साखळी धरणाऱ्या मुलांस हें वेगळें सांगावयास नको. साखळींतील एक मुलगा आवेशानें एकटाच पुढें झेपावला, तर त्यानें सोडलेल्या जागेंतूनच चढाई करणारा परत जातो.

रग्बी लीगमध्यें रांग कशी फुटते याचें एक नेहमींचें उदाहरण घेऊं. रांगेंत लागोपाठ तीन गडी उभे आहेत. पहिल्याच्या अंगावर प्रतिपक्षाचा एक दांडगा गडी धांवून येतो. दुसऱ्यास वाटतें, पहिल्याला हा एकट्यानें आवरणार नाहीं. म्हणून तो आपली जागा सोडून आंत वळतो. इतक्यांत चेंडू त्या दांडग्या गड्याच्या पाठीमागून बाहेर जातो. आतां तिसऱ्यासमोर दोन गडी उभे ! तो आंत आला तर बाहेरचा मोकळा. बाहेर राहिला तर आंतला मोकळा. त्यानें कांहींहि केलें तरी ट्राय व्हावयाचीच. प्रेक्षकांस मात्र तिसऱ्याचे रिकामे हात तेवढे दिसतात, आणि ते त्याच्याच नांवानें ओरडतात. दुसऱ्यानें दोन पावलें आंत टाकलीं, हें कोणीं पाहिलेलें नसतें. त्यानें तीं का टाकलीं, याचा विचार तर त्याहून क्वचित् होतो. पहिल्यावर त्याचा विश्वास नव्हता, किंवा 'हा माझा' अशी पहिल्यानें वेळेवर हांक दिली नाहीं, हें त्याचें कारण. बचावाच्या बहुतेक दोषांचें मूळ असें दोन गड्यांच्या मधल्या जागेंत असतें.

एवढें समजल्यावर चाहत्यांच्या मतांची परीक्षा करणें सोपें जातें.

पहिलें मत धिप्पाड गड्यांचें. वजनदार गडी जोराची टक्कर देतो यांत शंका नाहीं. परंतु त्यालाहि प्रत्येक पकडीनंतर दहा मीटर मागें व पुन्हां पुढें यावें लागतें, आणि सामना ऐंशीं मिनिटांचा असतो. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मुख्य स्पर्धेंत गड्यांच्या अदलाबदलीची संख्या दहावरून आठ करण्यांत आली. मे २०२० मध्यें असाहि नियम झाला कीं, पकडीच्या ठिकाणीं बचाव करणाऱ्यानें लबाडीनें वेळ काढल्यास खेळ न थांबवितां प्रतिपक्षास पुन्हां सहा पकडी द्याव्या. त्यामुळें विसावा आणखी कमी झाला. थकलेला धिप्पाड गडी रांगेंत एक पाऊल मागें राहतो, आणि चतुर प्रतिपक्षी नेमका त्याच्याच शेजारून घुसतो.

दुसरें मत जिद्दीचें. हें ऐकावयास गोड वाटतें. पण वर पाहिल्याप्रमाणें रांग मोडणारा पुष्कळदां सर्वांत उत्साही गडीच असतो. शेजाऱ्यास मदत करण्यासाठीं, किंवा एका टकरीनें टाळ्या मिळविण्यासाठीं, तो आपली जागा सोडतो. येथें खरी जिद्द निराळी आहे. पकड करून धापा टाकीत असतां लगेच उठणें, मागें पळणें, डावीउजवीकडे पाहून शेजाऱ्याच्या ओळींत उभें राहणें, आणि हें एका सामन्यांत तीस-चाळीस वेळां करणें, ही ती जिद्द. तिला टाळ्या मिळत नाहींत.

तिसरें मत असें कीं, पकडीचा सराव वाढवा. यांत तथ्य आहे. पाय जवळ नेऊन, पाठ सरळ ठेवून, खांदा लावावा. आपलें डोकें धांवणाऱ्याच्या समोर न येतां बाजूस राहील हें पाहावें. आणि पकड बसल्यावरहि पाय चालते ठेवावे, हें लहानपणापासूनच शिकलें पाहिजे. पकड कमरेपाशीं असावी, मानेपाशीं नव्हे. २०२१ च्या मे महिन्यांत ऑस्ट्रेलियांतील चालकांनीं डोक्यास व मानेस होणाऱ्या आघातांबद्दल पंचांस कडक धोरण धरावयास लाविलें. तेव्हां अनेक गड्यांस दहा मिनिटांसाठीं, व कांहींस कायमचें, मैदानाबाहेर जावें लागलें. मेंदूस वारंवार बसणारे धक्के पुढील आयुष्यांत घातक ठरतात, हें आज वैद्यकशास्त्रानें ओळखलें आहे. 'हाण ! पाड !' असें ओरडणाऱ्या प्रेक्षकानें हें ध्यानांत ठेवावें. शिवाय एक गडी बाहेर गेला म्हणजे तेरांची रांग बारांवर येते, मग बचाव सुधारावयाचा कसा ?

सरावाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पकडीचा वेळ. पकडलेला गडी चटकन् उठून चेंडू खेळला, तर बचावाची रांग अजून मागें हटतच असते. तोच एखाद्या सेकंदानें उशिरां उठला, तर रांग सज्ज होते. म्हणून एकानें खालीं व दुसऱ्यानें वर, चेंडूपाशीं, धरण्याची रीत पडली. आणि मेलबर्नच्या संघानें तर यासाठीं कुस्तीचे शिक्षक ठेवले.

चौथें मत प्रशिक्षक बदलण्याचें. याचें उत्तर पेनरिथ या संघाच्या इतिहासांत मिळतें. सिडनेच्या पश्चिमेस, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशीं असलेल्या या गांवाचा संघ २०१९ सालीं सोळा संघांत दहावा आला. प्रशिक्षक होते आयव्हन क्लिअरी. त्याच प्रशिक्षकांच्या हाताखालीं २०२० सालीं हा संघ साखळी सामन्यांत पहिला आला, आणि २०२१ ते २०२४ अशीं सलग चार वर्षें अजिंक्य ठरला. २०२१ च्या साखळींतील २४ सामन्यांत त्याच्याविरुद्ध फक्त २८६ गुण झाले; म्हणजे सामन्यास सरासरी बाराहूनहि कमी. त्या वर्षींचे शेवटचे तीन निर्णायक सामने त्यानें ८-६, १०-६ व १४-१२ असे जिंकले. या आंकड्यांत गुण मिळविण्याचें वैभव दिसत नाहीं. दिसतो तो गुण न देण्याचा निर्धार. या संघांतील बरेच गडी त्याच परिसरांतील लहान मुलांच्या संघांतून एकत्र वाढलेले होते. शेजारचा गडी पुढच्या क्षणीं काय करील हें ज्यास ठाऊक आहे, त्यास आंत वळण्याचा मोह कमी होतो. संघ सुधारण्यास एकच कारण कधींच पुरत नाहीं, हें खरें; तरी २०१९ च्या पराभवांनंतर प्रशिक्षक बदलला असता तर पुढचें कांहींच पाहावयास मिळालें नसतें.

चाहत्यांच्या वादांत सहसा न निघणारी एक गोष्ट राहिली. बचावाचा आरंभ चेंडू आपल्या हातीं असतांनाच होतो. आपल्या रेषेपासून वीस मीटरांवर दुसऱ्याच पकडींत चेंडू हातून सुटला, तर विश्रांति न घेतां तेथेंच पुन्हां सहा पकडी कराव्या लागतात. उलट पांच पकडी धीरानें काढून, शेवटीं चेंडू लाथेनें दूर कोपऱ्यांत मारून, सर्वांनीं मिळून त्याच्यामागें धांव घेतली, तर प्रतिपक्षास स्वतःच्या रेषेपासून आरंभ करावा लागतो. सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला जो गडी पकड चुकला, त्याचे पाय बहुधा पांच मिनिटांपूर्वीं दुसऱ्याच कोणीं टाकलेल्या चेंडूमुळें जड झालेले असतात.

मग दोष ठरवावा कसा ? जॅक गिब्सन नांवाचे एक विख्यात ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक होऊन गेले. त्यांनीं अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकांपासून धडे घेतले, व प्रत्येक गड्यानें किती पकडी केल्या याची मोजदाद ठेवण्याची पद्धत आपल्या संघांत रूढ केली. त्यांच्या हाताखालीं १९७४ व १९७५ सालीं ईस्टर्न सबर्ब्स, आणि १९८१ पासून सलग तीन वर्षें पॅरामॅटा, हे संघ विजयी झाले. मोजणीनें ऐकीव मतांस आळा बसतो. कोणी न पाहिलेला, मुकाट्यानें राबणारा गडी उजेडांत येतो. परंतु नुसता आंकडाहि फसवितो. कारण चुकलेली पकड तो तिसऱ्याच्याच खातीं मांडतो. म्हणून आंकडा पाहून झाल्यावर, रांग फुटण्यापूर्वींच्या दहा सेकंदांत प्रत्येक जण कोठें उभा होता, हें चित्रपटावर पुन्हां पुन्हां पाहावें लागतें. आज सर्व मोठे संघ हेंच करितात.

तात्पर्य, बचाव सुधारण्याचे उपाय चार : चेंडू हातून जाऊं न देणें, पकडीनंतर लगेच उठून रांगेंत येणें, शेजाऱ्यास मोठ्यानें हांक देणें, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून आपली जागा न सोडणें. पकडीचें कसब यांच्या सोबतीस असावें. नवे गडी व नवे प्रशिक्षक हा विचार त्यानंतरचा.

विद्यार्थी मित्रांनो, हा खेळ तुम्ही कदाचित् कधींच खेळणार नाहीं. परंतु हॉकींत, फुटबॉलमध्यें व हुतूतूंत तुमच्यापैकीं कोणी तरी प्रत्येक आठवड्यास तो 'तिसरा' गडी असतो. त्याला दूषण देण्यापूर्वीं, आपण स्वतः त्या वेळीं कोठें उभे होतों, हें आठवून पाहा. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, मुलगा हरून घरीं आला तर 'तुझ्या हातून तो सुटलाच कसा ?' असें विचारूं नये. 'त्याच्या आधीं काय झालें ?' असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर देतां देतां मुलास खेळहि समजूं लागेल, आणि आपल्या सोबत्यांशीं न्यायानें वागणेंहि.