खाऱ्या वाऱ्यातील मोटार आणि जाणत्यांचा सल्ला

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तिन्ही किनारी तालुक्यांत ज्यांच्या दारी एखादी जुनी मोटार उभी आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांना घरच्या खळ्यात, फणसाच्या सावलीला, बॉनेट उघडून स्वतःच्या हातांनी दुरुस्ती करण्याची आवड असते; आणि काम अडले म्हणजे शेजारच्या वाडीतल्या दोघातिघा मोटारवेड्या मंडळींना हाक मारावी, ही रीतही येथे चांगली रुळलेली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आता विरळा झाली, परंतु मारुती ८०० अद्याप नजरेस पडते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला आणि मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, म्हणजे हा जिल्हा आणि ती गाडी जवळजवळ बरोबरीनेच वाढली. या गाड्यांची रचना इतकी सुबोध आहे की नीटस हाताच्या कोणाही माणसाला ती समजून घेता येते. मात्र घरगुती दुरुस्तीविषयी, आणि विशेषतः तीत मिळणाऱ्या हौशी जाणकारांच्या साहाय्याविषयी, काही समज असे दृढ होऊन बसले आहेत की त्यांच्यापायी पैसा जातो, स्नेहसंबंधांत कडवटपणा येतो आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

त्यांतला सर्वांत रूढ समज असा की, जो नुसत्या आवाजावरून किंवा फोनवर दोन वाक्ये ऐकून दोष सांगतो तोच खरा जाणकार. "गाडी सुरू होणा नाय," एवढेच आपण सांगावयाचे आणि पलीकडून "बॅटरी बदल" असा फैसला यावयाचा; पुढे नवी बॅटरी येते, चार दिवस गाडी चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा सेल्फ नुसता कण्हतो. वस्तुस्थिती अशी की, त्या एका वाक्यामागे किमान चार निरनिराळी कारणे दडलेली असू शकतात, आणि किनाऱ्यावर त्यांतले बहुधा न सुचणारे कारण म्हणजे गंजलेले अर्थिंग. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाला आणि बॉडीला जाणारी जी जाड तार असते, तिच्या बोल्टाखाली खारट दमट हवेने गंजाचा पापुद्रा धरतो. तार वरून धडधाकट दिसते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, परंतु सेल्फ फिरवावयास लागणारा शंभर-एक अँपिअरचा प्रवाह त्या पापुद्र्यातून जाऊ लागला की तो अडखळतो. येथे साधा हिशेब पुरतो: शंभर अँपिअरच्या वाटेत एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा जरी अडथळा आला, तरी तेवढ्या एका सांध्यावर एक व्होल्ट खर्ची पडतो.

म्हणून जो खरा जाणकार असतो तो खळ्यात आल्यावर पहिल्याने मल्टिमीटर मागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन खांबांमध्ये साडेबारा व्होल्टांच्या आसपास दाब आहे काय, आणि सेल्फ मारताना तो साडेनऊच्या वर टिकतो काय, हे तो पाहतो. मग मीटरची एक सुई ऋण खांबाच्या शिशावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून तो कोणाला तरी किल्ली फिरवावयास सांगतो. मीटरने दोन-तीन दशांश व्होल्ट दाखविले तर अर्थिंग निर्दोष ठरते. एक व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाखविले, तर बॅटरीचा काही अपराध नसून तो बोल्ट सोडवून, सँडपेपरने धातू चकचकीत करून, पुन्हा आवळून वरून ग्रीस फासणे हाच इलाज. तार सोडविताना प्रथम ऋण टोक काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, कारण धन टोक सोडविताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्यांसह सारा प्रवाह त्या पान्यातून धावतो. या सर्व परीक्षेस दिडकीचाही भाग विकत घ्यावा लागत नाही. सल्ल्याचे मोल सल्लागाराच्या ख्यातीवर नसून त्याने सुचविलेली परीक्षा करून पाहता येते की नाही यावर अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या जोडीचा दुसरा भ्रम म्हणजे, लक्षण सारखे तर दोषही सारखा. ज्याची हयात पद्मिनीवर गेली त्याचा हात चार सिलिंडरांच्या इंजिनाला सरावलेला असतो. तो मारुती ८०० वर हात ठेवून "थरथरते आहे, एक सिलिंडर मारत नाही" असे मनापासून सांगतो, आणि मालक प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी असे एकेक बदलीत बसतो. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला मंद गतीत काही थरथर जात्याच असते, ही गोष्ट त्या गाडीवर काम केलेल्या माणसालाच माहीत असते. तेव्हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारावे, की हाच दोष याच गाडीवर आपण पाहिला होता काय, आणि तो कशाने गेला. जाणत्या माणसाला हा प्रश्न अपमानास्पद वाटत नाही. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण तीन भाग एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही. प्रत्येक तार काढण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्र घेण्याची सवय मला फार हितावह वाटते. मारुतीच्या तीन प्लगांचा पेटण्याचा क्रम एक-तीन-दोन असा आहे, तो चुकला की चांगले इंजिनही खोकू लागते.

अलीकडच्या गाड्यांत हाच भ्रम नव्या वेषात येतो. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ ची व्यवस्था असते, आणि स्वस्तातला कोड वाचणारा यंत्रतुकडा आता हौशी मंडळींच्या खिशात असतो. त्यावर पी०१७१ असे उमटले की ऑक्सिजन सेन्सर खराब, असा निष्कर्ष तत्काळ निघतो. तो कोड वस्तुतः एवढेच सांगतो की इंजिनात इंधनाच्या मानाने हवा अधिक जात आहे. ती फाटलेल्या रबरी नळीतून जात असेल, किंवा इंधनाचा पंप अशक्त झाला असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. ही तक्रारीची नोंद आहे, तपासाचा अहवाल नव्हे.

आता खास आपल्या किनाऱ्याकडे वळू, कारण मुंबई-पुण्याच्या जाणकारांचे सल्ले येथे सर्वाधिक उणे पडतात ते मिठाच्या बाबतीत. गाडी शेडमध्ये ठेवून तिच्यावर ताडपत्री घातली म्हणजे गंज लागत नाही, हा समज घरोघर आहे. हवेतून गाडीवर बसलेले मीठ कोरडे राहत नाही. वातावरणाची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी स्वतःच शोषून विरघळते, आणि समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराईडचा अंश तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओला होतो. म्हणजे तारकर्ली-देवबागच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने न हललेली गाडी ताडपत्रीखाली पातळ खाऱ्या पाण्याचा लेप लेऊन उभी असते, आणि ताडपत्री तो लेप वाळू देत नाही. जळके ऑइल किंवा डिझेल खालून फवारण्याचा प्रघातही असाच. त्याने रबरी बुश आणि नळ्या फुगतात, धूळ चिकटते, आणि आधीच लागलेल्या गंजाखालचा ओलावा तसाच कोंडून राहतो. येथे बंदरावरच्या लोकांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. होडीचे आऊटबोर्ड इंजिन सांभाळणारा जाणता माणूस समुद्रातून परतल्यावर ते गोड्या पाण्याने धुतो, आणि गाडीलाही तेच लागू पडते: खालच्या अंगावर, चाकांच्या कमानींत आणि दारांच्या तळाशी असलेल्या भोकांपाशी गोड्या पाण्याचा जोरकस फवारा, नंतर वारा, आणि गंज खरवडून प्रायमर लावल्यावरच रंग किंवा लेप. पुळणीवर गाडी नेणाऱ्याने तर हे त्याच संध्याकाळी करावे.

पाण्याविषयीही अशीच एक गोष्ट. कूलंट हा थंड प्रदेशातला प्रकार, आपल्याकडे विहिरीचे पाणी चालते, असे अनेक अनुभवी मंडळीही सांगतात. कूलंटातले गोठण्याविरुद्धचे गुण आपल्या उपयोगाचे नसतील. परंतु त्यातली गंजरोधक द्रव्ये आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविण्याचे सामर्थ्य ही कोकणात अत्यंत उपयोगी आहेत, आणि खाडीलगतच्या विहिरींचे मचूळ पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आतून खाते. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला की इंजिन गार राहते, हा उपायही तितकाच फसवा. ती झडप साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते, आणि ती नसली तर इंजिन योग्य उष्णतेला वेळेवर पोचत नाही, पेट्रोल अधिक पिते आणि ऑइलात गाळ धरते. ज्या इंजिनाला तापण्याची खोड आहे त्याचे मूळ कारण मात्र तसेच राहते.

ब्रेक ऑइल कमी झाले की वरून ओतावे, बदलावयाचे कारण नाही, हा समज तर सर्वांत घातक. हे द्रव हवेतले पाणी ओढून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकांपाशी त्या पाण्याची वाफ झाली, तर पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. कोकणाच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणे अगत्याचे आहे, आणि नळीतली हवा काढण्यास एक जण पेडलवर व एक चाकापाशी असे दोघे लागत असल्यामुळे, सोबत्याच्या मदतीने घरी करावयाची कामे कोणती असे कोणी विचारले तर मी प्रथम याचेच नाव घेईन.

याउलट एका गोष्टीत सोबत्यांचा उत्साहच घात करतो. जॅकवर गाडी उचलून खाली जांभ्याचे दोन चिरे लावले की निर्धास्त व्हावे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते, कारण त्याच चिऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. भिंतीतल्या चिऱ्यावर भार सर्व पृष्ठभागावर समान पडतो. अॅक्सलच्या कडेचा भार एका बिंदूवर येतो, आणि सच्छिद्र, पावसात भिजलेला चिरा पूर्वसूचना न देता दुभंगतो. लोखंडी स्टँड, ते नसतील तर आडवे-उभे रचलेले जाड लाकडी ओंडके, चाकांना पुढेमागे टेकू, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाणार नाही असा कडक दंडक, यांत तडजोड नको. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावणे, हीही त्याच वर्गातली कृत्ये.

बाहेरच्या हाताने काम केले की वॉरंटी आपोआप रद्द होते, ही भीती नव्या गाड्यांच्या मालकांत मोठी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांना नाकारल्याबद्दल दोषी धरले, आणि स्वतंत्र कारागिराकडे काम केले एवढ्याच सबबीवर वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये असेही बजावले. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. तेव्हा वॉरंटीच्या दस्तऐवजातली कलमे स्वतः वाचावीत. कायद्याची बाब त्याहून सरळ आहे: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाचा रोख गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर आहे, तिच्या दुरुस्तीवर नाही.

हौशी मंडळींचा मेळा जमला की मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, असेही काही जण मानतात आणि त्या संकोचाने दोन्हीकडची मदत गमावतात. हेड घासणे, क्रँक ग्राइंड करणे, ए.सी.चा गॅस भरणे ही कामे यंत्रावाचून होत नाहीत. ती गावच्या मिस्त्रीकडे, किंवा त्याच्यामार्फत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांकडे जावयाचीच असतात. त्याच्याकडे गाडी नेताना दोष गरम असताना येतो की गार असताना, पावसात वाढतो की नाही, सेल्फ मारताना मीटरने किती व्होल्ट दाखविले, आणि कोणता भाग कोणी केव्हा बदलला, हे कागदावर लिहून सोबत दिले, तर त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचतो, आणि मालकाची त्या वेळाची मजुरीही.