इंजिनाचा दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला, असे नाही

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि स्कूटरच्या सायलेन्सरच्या नळीतही ऑक्सिजन सेन्सर (धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखणारा भाग) सर्रास दिसू लागला. स्कॅनरवर त्याचे नाव आले की अनेक जण घरीच नवा बसवतात. पण स्कॅनरवरचा कोड बिघडलेला संकेत दाखवतो. बिघडलेला भाग नव्हे. थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. नवी मुंबईतल्या दिवाळे गावासारख्या खाडीकाठच्या ठिकाणी खारी हवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढवते, आणि तेवढ्यानेही संकेत चुकतो. नळीचा सांधा गळत असला तरी तेच. म्हणून इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पिना नीट पाहून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. कोड पुसूनही दिवा परत लागला, तर सेन्सर तपासून मगच नवा घ्या.