पावणेपाच मिलिमीटरचा पाईप

तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो, शहाद्याहून तोरणमाळला जाताना सातपायरीची वळणं. एसटी जिथे थांबते तिथून पुढे सातपुड्यातल्या माणसांना नेते ती जीप. मोलगीच्या किंवा धडगावच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्या बघा. महिंद्राची कमांडर, मॅक्स, फोर्सची ट्रॅक्स, रंग उडालेली जुनी बोलेरो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीची एखादी गाडी अजून धुळ्याचा एमएच १८ मिरवत चालते. या गाड्यांची इंजिनं साधी, दणकट. नीट सांभाळली तर दुसऱ्या पिढीलाही पुरतात. त्यांच्या पोटाखालून जाणारे ब्रेकचे पाईप मात्र तेवढे टिकत नाहीत, आणि ते बघायला कुणी वाकत नाही.

पाईप म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी. डेट्रॉइटच्या बंडी कंपनीने १९२०च्या दशकात ती बनवायची रीत रूढ केली. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादाची पातळ पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळायची आणि भट्टीत ते तांबं वितळवून दोन्ही थर एकजीव करायचे. पाय पेडलवर पडला की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल या नळीतून चाकापर्यंत रेटलं जातं. करकचून ब्रेक मारला तर आतला दाब टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट होतो. नळी शाबूत असेपर्यंत तिला त्याचं काही वाटत नाही. गंजून तिची भिंत कागदाइतकी उरली, की फुटायची वेळ नेमकी जोरात ब्रेक मारायचीच असते. घाटात, वळणावर, समोर बैलगाडी आली असताना.

नंदुरबारला समुद्र नाही, युरोप-अमेरिकेसारखं बर्फावर मीठ टाकणं नाही. तिकडे हा आजार मोठा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००७ आणि त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना ब्रेकचे पाईप तपासून घ्यायला सांगितलं होतं. आपल्याकडे गंज वेगळ्या वाटेने येतो. पावसाळ्यात घाटातला लाल-काळा चिखल चॅसिसवर उडतो आणि पाईप जिथे क्लिपने धरलेला असतो तिथे अडकतो. वरून ऊन पडलं तरी क्लिपखाली ओल राहते. त्यात गाडीतून खताची पोती जातात. सांडलेला युरिया, डीएपी फळीच्या फटीतून खाली झिरपतो. खत आणि ओल एकत्र आली की लोखंडाचं काही खरं नाही. शेळ्या-बकऱ्या नेणाऱ्या गाडीखाली लेंड्या-मुताचा थर बसतो, तोही तितकाच वाईट. म्हणून जाणता मिस्त्री पाईप मधोमध पाहत नाही. तो क्लिप उचलतो, मागच्या ॲक्सलवरचा टी-जोड तपासतो, डिझेल टाकीच्या वरचा भाग बोटाने चाचपतो. नखाने पापुद्रा निघाला तर पाईप गेला.

गंज आतूनही लागतो. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं हवेतली ओल शोषून घेतात. कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलचा हा आकडा १४० अंशांपर्यंत खाली येतो. तोरणमाळहून उतरताना गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली, तर ड्रम तापतात, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल पायाखालून निसटतं. ड्रायव्हर म्हणतो, ‘ब्रेकने हवा घेतली.’ वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलने केलेला तो घात असतो.

आता दुरुस्ती. रस्त्याकडेच्या गॅरेजात तिचे जे प्रकार चालतात त्यांतले काही ऐकूनच अंगावर काटा येतो. फुटलेल्या जागी रबरी नळी आणि जुबली क्लिप. पितळी वेल्डिंगचा ठिपका. सगळ्यात वाईट म्हणजे ‘चाक बंद करणं’: पाईपच्या तोंडात छर्रा घालून नट आवळायचा, त्या चाकाला ब्रेकच नाही, गाडी तीन चाकांवर थांबवायची. ओल्या रस्त्यावर अशी गाडी एका बाजूला ओढते. जुन्या जीपला एकच सर्किट असायचं, म्हणजे एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. छर्रा टाकणाऱ्याला भीती त्याचीच असते, पण औषध रोगापेक्षा वाईट.

खरं काम मन लावून करायचं आहे. जुना पाईप शक्यतो अखंड काढायचा, कारण नव्याचा साचा तोच. गंजलेला नट साध्या पान्याने फिरवला तर त्याचे कोपरे जातात. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं आणि नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा फ्लेअरचा पाना वापरायचा. जुन्या पाईपच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी घ्यायची, बोट-दोन बोटं जास्तच कापायची. कापलेलं तोंड काटकोनात घासून आतला कीस काढायचा. मग नट पाईपवर आधी चढवायचा. फ्लेअर झाल्यावर तो चढत नाही.

कसब आहे ते फ्लेअरमध्ये. पाईप साच्यात पकडून त्याचं तोंड आधी फुगवायचं, मग डाय काढून शंकूने तेच तोंड आत दुमडायचं. अशी दुहेरी कड झाली तरच ती बसते आणि चिरत नाही. एकेरी फ्लेअर पटकन होते, पण ती ब्रेकला चालत नाही. चांगला मिस्त्री तयार फ्लेअर उजेडात धरून गोल फिरवतो. कड एका बाजूला पातळ दिसली किंवा बारीक भेग दिसली, तर तेवढा तुकडा कापून पुन्हा करतो. मालक कितीही घाई करो, इथे तो ऐकत नाही. या एका हट्टासाठी मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

तांब्या-निकेलच्या मिश्रधातूचा पाईप मिळाला तर सोनं. तो हाताने वळतो, फ्लेअर सुबक होते आणि गंजत नाही. व्होल्वोने १९७६ पासून तोच वापरला. फ्रिजवाल्याकडचा नुसत्या तांब्याचा पाईप मात्र घेऊ नये, थरथरीने तो कडक होऊन तडकतो.

पाईप बसला, क्लिपखाली रबर घातलं, आता हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. एक जण आत, एक जण खाली.

‘मार भाऊ, मार… धर!’

‘धरलं.’

निपल सैल होतो, बाटलीत बुडबुडे येतात, निपल आवळला जातो.

‘सोड आता.’

बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. त्यात इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, रबरं फुगतात. शेवटी पेडल जोरात दाबून मिनिटभर धरायचं आणि प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघायचा.

धंद्याच्या गाड्यांना फिटनेसची तपासणी असते, खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर. तिथे ब्रेक लागतो की नाही ते दिसतं. उद्या फुटणारा पाईप दिसेलच असं नाही. म्हणून घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: मृग लागण्याआधी गाडी जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर किंवा खड्ड्यावर घ्या, क्लिपा उचलायला लावा, दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि एक पाईप गंजलेला निघाला तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे धरून सगळे बदलून टाका.