खकनारचे पणजोबा जनगणनेत का सापडत नाहीत?

“1881च्या जनगणनेत आमच्या घराण्याचे नाव असणारच, फक्त तो कागद मिळायला हवा.” वंशावळ जुळवायला बसलेल्या घरांमध्ये हा विश्वास सर्रास आढळतो. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले खकनार त्याला अपवाद नाही. विश्वास चुकीचा आहे आणि त्यापायी माणसे वर्षानुवर्षे नको त्या कचेरीचे उंबरे झिजवतात.

समजुतीला आधार आहे तो परदेशातला. ब्रिटनमध्ये 1841पासूनच्या घरवार याद्या बहुतांशी जपल्या गेल्या आणि साधारण शंभर वर्षांनी खुल्या होत गेल्या. 1921ची यादी 2022मध्ये लोकांना मिळाली. आपल्याकडेही नावे लिहिली गेली होती. 17 फेब्रुवारी 1881च्या रात्री देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. त्याआधी घरांवर क्रमांक घातले गेले आणि घरोघरची पत्रके भरली गेली. पण सरकारला हवे होते आकडे. ते काढून झाल्यावर पत्रके नष्ट करण्यात आली. आज हाती आहेत ते छापील अहवाल. निमाड जिल्ह्यात कुणबी किती, कोरकू किती, लिहिता-वाचता येणारे किती, हे त्यांत आहे. तुमचे पणजोबा नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांचाही उपयोग नाही, कारण 1948च्या जनगणना कायद्याच्या कलम 15नुसार ती पाहायला मिळत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाहीत.

मग सगळे संपले, हा दुसरा गैरसमज. तो पहिल्यापेक्षा अधिक नुकसान करतो. महाराष्ट्रात 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळेची दाखलखारीज रजिस्टरे, कोतवाल बुके (गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी), जमिनीचे कागद तपासले गेले. त्यांतले कितीतरी मोडी लिपीत होते. माणसांची नावे सापडली ती अशा दप्तरांत.

खकनारकरांनी आधी महसुलाचा इतिहास ध्यानात घ्यावा. बुऱ्हाणपूर 1860मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले, निमाड 1864मध्ये मध्य प्रांतात गेले, आणि त्याच दशकात कॅप्टन फोरसाइथ यांनी जिल्ह्याची जमाबंदी, म्हणजे तिकडच्या भाषेत बंदोबस्त, केली. अशा बंदोबस्ताच्या मिसली (कागदांच्या संचिका), खसरा (शेतवार नोंद), खतौनी (खातेवार नोंद) यांत गावातल्या शेतकऱ्याचे नाव बापाच्या नावासकट येते: ‘अमुक वल्द तमुक’, पुढे जात आणि राहण्याचे गाव. एका बंदोबस्तातला ‘तमुक’ आधीच्या बंदोबस्तात स्वतः खातेदार म्हणून भेटला, की एक पिढी जुळली. बुऱ्हाणपूर जिल्हा 2003मध्ये वेगळा झाला. त्याआधी हा भाग पूर्व निमाडात होता. म्हणून तहसिलीत मिसल नाही म्हटले तरी खंडव्याच्या अभिलेखागारात चौकशी केल्याशिवाय परतू नये.

शोधताना आडनावावर विसंबू नका. जुन्या नोंदींत ते बहुधा नसतेच. बाईचे नाव फार क्वचित येते, आणि येते ते बरेचदा ‘बेवा’ म्हणून, नवऱ्यामागे जमीन तिच्या नावावर चढली तेव्हा. माझ्या मते सर्वांत मोलाच्या नोंदी याच, कारण दोन पिढ्यांमधला हरवलेला दुवा अशी विधवाच सांधते. कोरकू कुटुंबांनी ‘कुरकू’ हे रूपही पाहावे. इंग्रजी कागदांत ते सर्रास आहे.

वयावर फार भरवसा ठेवू नये. तीस, चाळीस, पन्नास असे ठोकळ आकडे सांगण्याची रीत इतकी होती, की जनगणना अधिकाऱ्यांनीच आपल्या अहवालांत त्याबद्दल लिहून ठेवले आहे.

“आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच” हेही तपासून घ्यावे. एकोणिसाव्या शतकात निमाडातली पुष्कळ ओसाड जमीन नव्याने लागवडीला आली, 1860च्या दशकात रेल्वे बुऱ्हाणपुरावरून खंडव्याला पोहोचली, आणि 1899-1900च्या दुष्काळात माणसे पोटामागे पांगली. खकनारचा माग अचानक तुटला तर रावेर, धारणी, जळगाव जामोद इथली दप्तरे पाहावीत. धारणी, जळगाव जामोदच्या बाजूची राज्याची सीमा 1956ची आहे, सोयरीक त्याहून जुनी.

आणि कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: आजोबांच्या वडिलांचे नाव, शेताचे जुने नाव आणि पणजीचे माहेर. एवढे हाती असेल तर नकलेचा अर्ज नेमका लिहिता येतो.