एक ‘पॉवर’, अनेक शब्द

अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही गावात ‘पॉवर’ हा शब्द दिवसभरात किती वेळा कानावर पडतो, हे विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे. विहिरीवरची मोटर पाच हॉर्सपॉवरची असते, आजोबांच्या चष्म्याची पॉवर वाढलेली असते, डॉक्टरांनी हायपॉवरची गोळी दिलेली असते आणि निवडून आलेल्याच्या हाती पॉवर आलेली असते. गंमत म्हणजे वीज गेल्यावर मात्र वऱ्हाडी माणूस ‘लाइन गेली’ म्हणतो!

या एका इंग्रजी शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. राजकारणात तो ‘सत्ता’ होतो, कायद्यात ‘अधिकार’. गणितात तो ‘घात’ होतो. २ चा तिसरा घात ८. ‘पॉवरलूम’ला आपण यंत्रमाग म्हणतो, ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’ला मुखत्यारपत्र. अकोला जिल्ह्यातील पारसचे ‘थर्मल पॉवर स्टेशन’ मराठीत ‘औष्णिक विद्युत केंद्र’ आहे. भाषांतर शब्दाचे नसते, अर्थाचे असते, ते असे.

खरी अडचण येते ती भौतिकशास्त्रात. तेथे ‘पॉवर’साठी ‘शक्ती’ हा शब्द ठरला आहे. पण ‘अंगात शक्ती नाही’ असे आपण रोजच म्हणतो. त्यामुळे बल, ऊर्जा आणि शक्ती या तिन्ही गोष्टी मुलांना एकच वाटतात. शास्त्रातील अर्थ मात्र नेमका आहे : शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, म्हणजेच दर सेकंदाला होणारे कार्य. त्याचे एकक वॅट.

एक उदाहरण घेऊ. वरूड-मोर्शी भागातील संत्र्याच्या बागेसाठी २० मीटर खोलीवरून १०,००० लिटर पाणी वर आणायचे आहे. त्यासाठी १०,००० × ९.८ × २० = १९,६०,००० ज्यूल कार्य करावे लागेल. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. वाया जाणारी ऊर्जा सोडून दिली, तर ५ अश्वशक्तीच्या मोटरला या कामासाठी सुमारे ९ मिनिटे लागतील आणि ३ अश्वशक्तीच्या मोटरला सुमारे १५ मिनिटे. कार्य तेच, ऊर्जाही तेवढीच. बदलला तो फक्त वेळ.

वीजबिलातील ‘युनिट’ ही ऊर्जा आहे, शक्ती नव्हे. एक किलोवॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. पारसला प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. म्हणून ‘तेथे ५०० मेगावॅट वीज साठते’ असे कोणी म्हटले, तर ते चूक ठरेल. ५०० मेगावॅट ही संचांची शक्ती. ते पूर्ण क्षमतेने एक तास चालले, तर ५ लाख युनिट ऊर्जा निर्माण होईल.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. २०२४ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचा समावेश केला गेला. ही मर्यादा शक्तीची आहे, ऊर्जेची नव्हे. शेतकऱ्याच्या मुलाला ती नीट वाचता आली पाहिजे.

तेव्हा ‘शक्ती’ शिकवताना व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांकडून ‘पॉवर’ची वाक्ये जमवावीत, प्रत्येक वाक्यात त्या जागी कोणता मराठी शब्द बसतो ते विचारावे, आणि ‘दर सेकंदाला’ हा अर्थ कोणत्या वाक्यात लागू पडतो ते शोधायला सांगावे, असे आम्ही सुचवतो. मोटरचे वाक्य मुले आपणहून वेगळे काढतील. व्याख्या तेथूनच सुरू करावी.