घर राखण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

अमेरिकेत घर घेतलेल्या माणसाला आपल्या हद्दीत आपलेच राज्य आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. कायदा मात्र इतका उदार नाही. दुसऱ्याला जाणूनबुजून पोहोचवलेल्या इजेस हेतुपुरस्सर अपकृत्य म्हणतात आणि त्याबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. येथे हेतू म्हणजे वैर नव्हे. आपल्या कृतीने इजा होणार हे जवळजवळ निश्चित ठाऊक असणेही पुरेसे ठरते. संमती, स्वसंरक्षण, निकड, मालमत्तेचे रक्षण हे त्यावरील प्रमुख बचाव. गैरसमज सर्वाधिक आहेत ते या शेवटच्या बचावाविषयी.

‘कॅट्को विरुद्ध ब्राइनी’ हा आयोवा राज्यातील खटला त्यासाठी पाहण्याजोगा आहे. ब्राइनी दांपत्याच्या ओस पडलेल्या शेतघरात वर्षानुवर्षे चोऱ्या होत होत्या. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, प्रवेशबंदीच्या पाट्या लावल्या. उपयोग झाला नाही. अखेर १९६७ मध्ये पतीने शयनगृहात बंदूक बांधली आणि दार उघडताच चाप ओढला जावा अशी तार जोडली. नेम आधी पोटाच्या उंचीवर होता, तो पत्नीच्या सांगण्यावरून पायांकडे वळवला. जुन्या बाटल्या व बरण्या नेण्यासाठी शिरलेल्या कॅट्कोच्या पायाचे हाड त्या गोळीने उडाले. चोरीबद्दल त्याला ५० डॉलर दंड झाला. पण ज्यूरीने त्याला २० हजार डॉलर भरपाई आणि वर १० हजार डॉलर दंडात्मक भरपाई दिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हा निवाडा कायम केला. ब्राइनींना ८० एकर जमीन विकावी लागली.

चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण येथे कुणालाही आठवेल. तरीही न्यायालयाचा तर्क पक्का वाटतो. मालक स्वतः तेथे हजर असता तर केवळ बरण्यांसाठी प्राणघातक बळ वापरण्याची मुभा त्याला नव्हती. मग जी मुभा त्याला नाही, ती त्याच्या यंत्राला कोठून मिळणार? शिवाय समोर चोर आहे, वाट चुकलेले मूल आहे की अग्निशामक दलाचा जवान, हे तारेला कळत नाही. राहत्या घरात जिवावर बेतल्यास प्रश्न स्वसंरक्षणाचा होतो. त्याचे नियम राज्यागणिक बदलतात आणि ते बरेच सैल आहेत.

एक व्यावहारिक बाब सहसा ध्यानात येत नाही. घराच्या विम्यातून हेतुपुरस्सर केलेली इजा साधारणपणे वगळलेली असते, त्यामुळे भरपाई खिशातून जाते. अशी इजा दुष्ट हेतूने केल्याचे ठरले, तर दिवाळे जाहीर करूनही त्या देण्यातून सहसा सुटका होत नाही.