‘उष्टं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

इंदिरानगरच्या बोगद्यातून बाहेर पडलात की वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत गाडी जरा हळू चालवा आणि क्लासच्या पाट्या मोजा. जेईई, नीट, फाउंडेशन आणि त्यांच्या मधोमध हमखास एक ‘स्पोकन इंग्लिश’. कुणी साठ दिवसांत बोलायला लावतो, कुणी तीस. (तीसवाल्याकडे गर्दी जास्त, हे ओघानं आलंच.) गंमत पुढे आहे. माझ्या वर्गातले चौघं संध्याकाळी अशा क्लासला जातात आणि दिवसा कॉलेज रोडवर ‘इंग्लिश स्पेशल’ घेऊन बीए करतात. सकाळी किंग लिअर, संध्याकाळी ‘माय नेम इज’.

हसा, पण आधी हिशेब करू. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे आज एफवायला बसलेला प्रत्येक जण, झेडपीच्या शाळेतला असो की कॉन्व्हेंटमधला, बारा वर्षं इंग्रजी शिकून आलाय. बारा वर्षांत माणूस पोहायला शिकतो, स्वयंपाक शिकतो, वर दुसऱ्याला शिकवायलाही लागतो. मग इंग्रजीत तोंड उघडायची वेळ आली की घशाला कोरड का पडते? कारण आपण ते लिहिलं, पाठ केलं, गाइडमधून उतरवलं. कुणाला काही सांगायला म्हणून वापरलंच नाही. कम्पल्सरी इंग्लिशच्या वर्गात शंभर मुलं, तास पंचेचाळीस मिनिटांचा. सगळ्यांना बोलायला द्यायचं ठरवलं तर वाट्याला येतात सत्तावीस सेकंद. त्यातली दहा मिनिटं हजेरीत जातात, ती वेगळीच. यात शिकवणाऱ्याचा दोष मला तरी दिसत नाही.

दोष दिसतो तो आमच्यात. एसवायला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’वर सेमिनार होता. घोटीहून आलेली, राजीवनगरला खोली घेऊन राहणारी एक मुलगी बोलायला उभी राहिली. शायलॉक, अँटोनियो, करारपत्र, पौंडभर मांस; सगळं नीट मांडत होती. मग कर्जासाठीचा शब्द आला. स्पेलिंगमध्ये ‘बी’ दिसतो म्हणून तिनं ‘डेब्ट’ म्हटलं. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, ‘‘डेट, डेट!’’ दुसऱ्यानं विचारलं, ‘‘कुणाबरोबर?’’ आणि अख्खा वर्ग फुटला. तिनं हातातल्या कागदाची घडी केली आणि खाली बसली. पुढच्या पंधरवड्यात तिनं स्पेशल विषय बदलून भूगोल घेतला. वर्गात सगळ्यांत चांगल्या नोट्स तिच्या होत्या. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या ‘कुणाबरोबर’वाल्यानंही त्यांचेच झेरॉक्स मागितले होते.

आता त्या ‘बी’ची गोष्ट. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे लॅटिनचं वेड लागलेल्या पंडितांनी मूळ लॅटिन शब्दाशी नातं दाखवायला तो घुसवला. उच्चार बदलला नाही, फक्त स्पेलिंगला शिंग फुटलं. ‘डाउट’मधला ‘बी’ही तसाच आलेला. आणि खरी मजा अशी की खुद्द शेक्सपिअरनं यावर विनोद केलाय. ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्नीस नावाचा एक शिष्ट मास्तर आहे. लोक हा ‘बी’ गिळून बोलतात म्हणून तो जाम वैतागतो. त्याच्या मते ‘डेब्ट’ असाच ठसठशीत उच्चार व्हायला हवा. म्हणजे घोटीची ही मुलगी आजच्या उच्चाराप्रमाणे चुकली, पण शेक्सपिअरच्या मास्तरनं तिला शाबासकी दिली असती. हसणाऱ्यांपैकी कुणाला हे माहीत नव्हतं. मलाही ते नंतर लायब्ररीत बसल्यावर कळलं.

आमचा शनिवारचा कट्टा सुरू झाला तो या प्रकारानंतर. आम्ही सहा-सात जण, सगळे इंदिरानगर, राजीवनगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यातले. जागा जॉगिंग ट्रॅकवरची बाकं, कारण तिथं फी नाही आणि ‘ट्रॅकवर चाललेय’ म्हटलं की घरून फारसे प्रश्न येत नाहीत. वेळ साडेपाच ते सात. मुलींना सातच्या पुढे थांबायचं म्हणजे घरी वेगळं भाषण द्यावं लागतं, तेही मराठीत. नियम दोनच. कुणी हसायचं नाही. आणि शब्द अडला तर मराठी शब्द टाकून पुढे जायचं, थांबायचं नाही.

दुसरा नियम वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा. क्लासमध्ये मराठी शब्द काढला की दंड असतो, त्यामुळे पोरं शब्द सापडेपर्यंत गप्प बसतात आणि गप्प बसायचीच सवय लागते. आमच्याकडे उलट. एकदा एकीनं पाण्याची बाटली पुढे केली आणि ‘‘उष्टी आहे हं’’ म्हणाली. झालं, सगळे तुटून पडले. उष्टंला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘लेफ्टओव्हर’ म्हणजे उरलेलं; ते शिळं असेल, उष्टं असेलच असं नाही. मग सुरू झालं समजावणं. ज्याला कुणाचं तोंड लागलंय ते. आईला मुलाचं चालतं ते. पाहुण्याला देत नाहीत ते. एक जण म्हणाला, बाळाला पहिला भात भरवायचा तो समारंभ उष्टावणाचाच, म्हणजे हा शब्द नेहमी वाईट अर्थाचा नाही. त्यावर दुसऱ्यानं मुद्दा काढला की कुणी कुणाचं उष्टं खायचं, यावर आपल्याकडे जातही ठरत आलीये. वाद पेटला. तुटक इंग्रजीत, ‘द’ आणि ‘ए’ची वाट लावत, पण इंग्रजीतच. वीस मिनिटं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण बोलतोय!

अडखळण्याचं एक कारण याच बाकांवर सापडलं. मराठीत क्रियापद येतं शेवटी. ‘मी काल संध्याकाळी आईबरोबर मेन रोडला साडी घ्यायला गेले’ यात ‘गेले’ येईपर्यंत निवांत विचार करता येतो. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद टाकावं लागतं, म्हणजे काय झालं ते आधी सांगायचं. साडी, आई, मेन रोड सगळं नंतर. आपण डोक्यात मराठी वाक्य पूर्ण लावतो, मग ते उलटं करतो, तोवर समोरचा घड्याळ बघायला लागतो. उपाय साधा: वाक्य छोटं करायचं. मी गेले. आईबरोबर गेले. साडी घ्यायला गेले. चारदा ‘गेले’ आलं तरी कुणी मार्क कापत नाही. आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर हीच उलटापालट घोटवून घेतली होती. आपण त्या पुस्तकाची टिंगल करतो, पण या भाषेतून त्या भाषेत ये-जा करायची ती सवय काही वाईट नव्हती.

आणि ही ये-जा म्हटली की नाशिकवाल्यांनी लाजायचं कारणच नाही. एचपीटी कॉलेज सुरू झालं १९२४ साली. कुसुमाग्रज तिथले विद्यार्थी. आपण त्यांचा वाढदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. पण याच माणसानं ‘मॅकबेथ’चं ‘राजमुकुट’ केलं, ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं आणि ‘शेक्सपिअरच्या शोधात’ नावाचं पुस्तक लिहिलं, हे त्या दिवशीच्या पोस्टरवर कधी दिसत नाही. वसंत कानेटकर, म्हणजे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’वाले, याच कॉलेजात प्राध्यापक होते. विषय? इंग्रजी. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक, विंदा करंदीकर इंग्रजीचे, भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ मिळाले. त्यातले दोन, विंदा आणि नेमाडे, इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्यांचे. आपल्या मार्कशीटवर ज्यांचं नाव छापलेलं असतं त्या सावित्रीबाईंनी तर १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माउली म्हणून कविता लिहिली. ‘इंग्रजी की मराठी’ हे भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज चालू दे. या मंडळींनी ते घरात येऊ दिलं नव्हतं.

म्हणून या टर्मला आम्ही तीन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली: अभ्यासाला नसलेलं पण वाचायची हौस असलेलं ‘किंग लिअर’, विंदांनी केलेलं त्याचं भाषांतर ‘राजा लिअर’, आणि शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’. मराठी पुस्तकं आणली सार्वजनिक वाचनालयातून. १८४०चं वाचनालय आहे हे, शेल्फसमोर उभं राहिलं तरी बरं वाटतं. ‘नटसम्राट’ १९७०चं, पण आमच्यातल्या बहुतेकांना ते माहीत २०१६च्या नाना पाटेकरच्या सिनेमातून. लिअर राज्य मुलींना वाटतो आणि बेघर होतो. अप्पासाहेब बेलवलकर मिळकत पोरांना वाटतात आणि बेघर होतात. इथपर्यंत सगळ्या गाइडांत लिहिलेलं असतं. कट्ट्यावर मात्र वेगळाच प्रश्न निघाला: लिअरची बायको कुठाय? शेक्सपिअरच्या नाटकात ती रंगमंचावर येतच नाही. शिरवाडकरांनी मात्र अप्पासाहेबांना कावेरी दिली. त्यांच्याइतकीच फरपट झालेली, पण त्यांना सांभाळून घेणारी. ती नसती तर अप्पासाहेब लिअरसारखेच संतापी वाटले असते का? दोन शनिवार यावर गेले. माझं मत, कावेरीमुळेच ते नाटक आपल्या घरातलं वाटतं. पण एक जण अजूनही ठाम आहे की लिअर एकटा आहे म्हणूनच मोठा आहे, आणि हे तो आता अडखळत का होईना, पण इंग्रजीत सांगतो.

घोटीची मैत्रीण? ती येते. भूगोल तिनं सोडला नाही आणि सोडायचं कारणही नाही. तिला पुन्हा उभं करायला आम्हाला दीड महिना लागला. पहिल्यांदा ती बोलली ती भाताच्या आवणीवर. आधी छोट्या वाफ्यात रोपं कशी वाढवतात, मग चिखलणी, मग गुडघाभर चिखलात वाकून ओळीनं लावणं, पाऊस उशिरा आला की रोपांचं काय होतं. ‘आवणी’, ‘चिखलणी’ तिनं मराठीतच ठेवले, बाकी इंग्रजी. आम्ही सगळे शहरी. आम्हाला मराठीतही यातलं काही माहीत नव्हतं. प्रश्न विचारावेच लागले, तेही इंग्रजीत. एरवी आम्ही तिला दुरुस्त करत बसलो असतो, त्या दिवशी शिकवत ती होती.

यानं नोकऱ्या लागतात का? आमच्यातली एक अंबडला एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’वर सगळेच ‘हार्डवर्किंग अँड पंक्चुअल’ असल्याचं पाठ करून जातात. हिनं कट्ट्याबद्दल सांगितलं, आवणीबद्दल सांगितलं, दहा-बारा मिनिटं बोलली. नोकरी मिळाली नाही. त्यांना टॅली येणारं कुणीतरी हवं होतं. ती बाहेर येऊन पहिल्यांदा काय म्हणाली, तर ‘‘अगं, मी मराठी शब्द एकदाच वापरला!’’ आता ती टॅली शिकतेय. त्याला खरंच तीस दिवसांचा क्लास पुरतो म्हणे.

२३ एप्रिलला शेक्सपिअरची पुण्यतिथी. त्या शनिवारी नाही, त्याच दिवशी जमायचं ठरलंय. लिअरचा वादळातला प्रवेश इंग्रजीत, लगेच ‘नटसम्राट’मधला एक प्रवेश मराठीत आणि मग ज्याला जे बोलायचंय ते. लिअर व्हायला तिघं तयार आहेत. विदूषक व्हायला कुणीच नाही, कारण त्याची वाक्यं सगळ्यांत अवघड. कावेरी कुणी करायची हे ठरलंय: घोटीची मैत्रीण. तिनं अट घातलीये की लिअरच्या प्रवेशातही तिला एक भूमिका हवी, आणि तीही विदूषकाची. संध्याकाळी साडेपाचला, ट्रॅकवरच. गोविंदनगरकडून येणाऱ्यांनी बोगद्यातल्या ट्रॅफिकसाठी वीस मिनिटं जास्त धरून निघा.